बारकोड आणि अन्नाची पारख : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक समीक्षा

१

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील आठवडी बाजारात ज्वारी घ्यावयास आलेली गृहिणी प्रथम मूठभर दाणे तळहातावर घेते, फुंकर घालून कोंडा उडविते, दाण्याचा रंग निरखते आणि एखादा दाणा दाताखाली फोडून तो पुरता वाळला आहे की नाही हे ठरविते. हळकुंड घेताना ते मोडून आतला रंग पाहिला जातो. डाळ हातावर चोळून पाहिली जाते. या साऱ्या क्रियेस मराठीत ‘पारख’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. पारखीत डोळा, नाक, जीभ आणि हात यांचा सहभाग असतो, आणि तिच्यामागे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून चालत आलेला अनुभव उभा असतो. ही पारख प्रत्येक वेळी अचूक ठरते असे नाही. परंतु वस्तू आणि पारखणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

छापील वेष्टनात बंद झालेल्या पदार्थापुढे मात्र ही पारख निरुपाय होते. पुडा फोडल्यावाचून वास कळत नाही, आणि वास व चव कळली तरी बिस्किटात साखर किती, चिवड्यात मीठ किती आणि तळण्यास कोणते तेल वापरले, याचा निर्णय जिभेस करता येत नाही. इंद्रियांची जागा येथे छापील मजकूर घेतो. तो मजकूर बारीक अक्षरांत, बहुधा परक्या भाषेत आणि आकड्यांच्या कोष्टकात असतो. तो वाचण्याचे काम ग्राहकाच्या वतीने करून देणारी साधने म्हणून बारकोड वाचणारी मोबाइल ॲप्स गेल्या दशकात पुढे आली आहेत. पुड्यावरील काळ्या-पांढऱ्या रेषांवर फोनचा कॅमेरा धरावा आणि क्षणार्धात हिरवा, पिवळा किंवा तांबडा असा निर्णय मिळावा, ही त्यांची रीत. ही ॲप्स म्हणजे एका अर्थी अन्नाचे समीक्षकच होत. तेव्हा या समीक्षकाचे निकष कोणते, त्याने काय वाचले आणि काय वाचले नाही, हे प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत विवेचनात ते प्रश्न हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात विचारले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे ८५ टक्के वस्ती ग्रामीण आहे. साधनाची कसोटी जेथे ते घडले तेथे न लागता, जेथे ते नव्याने जाऊन पोहोचते तेथे अधिक कठोरपणे लागते.

२

प्रथम बारकोडाचे स्वरूप स्पष्ट करणे इष्ट आहे. कारण त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्या रेषांत पदार्थाचे घटक साठविलेले असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तेथे केवळ एक क्रमांक असतो. अमेरिकेत वुडलँड व सिल्व्हर या दोघांना या कल्पनेचे एकस्व १९५२ साली मिळाले, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावर तिचा पहिला व्यापारी प्रयोग झाला. गल्ल्यावरील हिशेब त्वरेने व्हावा, एवढाच तिचा हेतू होता. भारतात नोंदलेल्या उत्पादनांच्या १३ अंकी क्रमांकाचा आरंभ ८९० या अंकांनी होतो. तेवढ्यावरून माल भारतात तयार झाला असेही सिद्ध होत नाही. केवळ क्रमांकाची नोंद येथील संस्थेमार्फत झाली, इतकेच कळते. सारांश, बारकोड हे वस्तूचे नाव आहे, तिचे वर्णन नव्हे.

वर्णन असते ते अन्यत्र, संगणकीय संग्रहात. फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हा असाच एक मुक्त संग्रह होय. स्वयंसेवक पुड्यांची छायाचित्रे व त्यांवरील मजकूर त्यात भरतात, आणि कोणासही तो वापरता येतो. त्याच देशात २०१७ साली निघालेल्या ‘युका’ या ॲपने १०० पैकी गुण देण्याची पद्धत लोकप्रिय केली. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज इन्स्टिट्यूटने २०१२ साली ‘फूडस्विच’ हे ॲप काढले, आणि पुढे त्याची भारतासाठीही आवृत्ती तयार झाली. त्यात एकूण मेद, संपृक्त मेद, साखर आणि मीठ या चार घटकांस वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे रंग दिले जात, आणि त्याच वर्गातील अधिक चांगला पदार्थ सुचविला जाई.

म्हणजे ॲपचा निर्णय तीन पायऱ्यांनी घडतो. रेषांवरून क्रमांक, क्रमांकावरून संग्रहातील नोंद, आणि नोंदीवरून सूत्राने काढलेला गुण. यांतील पहिली पायरी यांत्रिक व निर्दोष आहे. दुसरी पायरी उत्पादकाने वेष्टनावर जे छापले त्याहून अधिक खरी असू शकत नाही. तिसरी पायरी मात्र सर्वस्वी मतावर आधारलेली आहे, आणि समीक्षेचा खरा विषय तीच होय.

३

या साधनांचे श्रेय प्रथम मान्य करावयास हवे. भारताच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार वेष्टनावर ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, मेद, संपृक्त मेद, ट्रान्स मेद व सोडियम यांचे प्रमाण देणे सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. परंतु दिलेली माहिती आणि कळलेली माहिती यांत अंतर असते. उदाहरणार्थ, पुड्यावर १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असे लिहिलेले असते. त्यावरून मीठ काढावयाचे तर त्यास अडीचने गुणावे लागते, म्हणजे ते दोन ग्रॅम होते. आणि प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ठाऊक असेल तरच त्या दोन ग्रॅमचा अर्थ लागतो. दुकानाच्या फळीपुढे उभे राहून हा हिशेब कोणी करीत नाही. ॲप तो करते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी प्रसिद्ध केलेल्या १७ आहारविषयक सूचनांत लेबल वाचण्याची सूचनाही आहे. ती सूचना अंमलात आणण्याचा सुलभ मार्ग म्हणून ॲपकडे पाहता येते.

त्याहूनही मोठे श्रेय निराळे आहे. ग्राहकांसाठी गोळा झालेली ही माहिती संशोधनासही उपयोगी पडली. फूडस्विचच्या संग्रहाच्या आधारे १२ देशांतील सुमारे चार लाख पदार्थांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यापासून पाचपर्यंतच्या तारांकनात भारतातील वेष्टित पदार्थांची सरासरी २.२७ इतकी, म्हणजे बाराही देशांत सर्वांत कमी, आढळली. एकेका पुड्याचा निर्णय करताना ॲप डळमळीत असेल. पण अनेक पुड्यांची एकत्र नोंद साऱ्या बाजाराविषयी जे सांगते ते दुर्लक्षिता येत नाही.

४

आता निकषांकडे वळावे. युकाच्या गुणांपैकी ६० टक्के पोषणास, ३० टक्के कृत्रिम मिश्रकांच्या अभावास आणि १० टक्के सेंद्रिय प्रमाणपत्रास दिलेले असतात. ६०, ३० आणि १० हे आकडे निसर्गाने ठरविलेले नाहीत. ते कोणी तरी ठरविले आहेत. प्रमाणपत्रास १० गुण ठेवले की ज्या शेतकऱ्याने खताची गोणी कधी विकत घेतली नाही, परंतु प्रमाणपत्राचा खर्चही ज्यास परवडत नाही, त्याचा माल आपोआप मागे पडतो. निर्णय एका आकड्यात सांगितला की हे सारे वाद त्या आकड्याच्या पोटात गडप होतात, आणि वाचणाऱ्यास तो आकडा मोजमाप वाटू लागतो. वाङ्मयसमीक्षेत ग्रंथास गुण देण्याची प्रथा जी कधी रुजली नाही, तिचे कारणही हेच असावे. समीक्षकाने कारणे दिली तर त्याच्याशी भांडता येते. आकड्याशी भांडता येत नाही.

दुसरा निकष ‘दर १०० ग्रॅमला’ हा. तुलनेसाठी तो सोयीचा आहे खरा. पण माणूस ग्रॅम खात नाही, घास खातो. लोणचे व पापड यांत मीठ भरपूर, म्हणून १०० ग्रॅमच्या मापाने ते तांबड्यात जातात. पण जेवणात लोणच्याची फोड एक आणि पापडही एखादाच. उलट चहात बुडवून सबंध पुडा संपविला जाणारा बिस्किटाचा प्रकार गुणांनी पापडाहून बरा ठरला, तरी दिवसाच्या आहारात त्याचा वाटा कितीतरी मोठा असतो. ताटातील डावी बाजू आणि उजवी बाजू हा भेद आपल्या आहारपरंपरेने प्रमाण सांभाळण्यासाठीच केला आहे. ॲपला ताट दिसत नाही. त्यास एकेक पुडा सुटा दिसतो.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. साखर, मेद व मीठ यांच्या अतिरेकावर बोट ठेवणारी ही मापे ज्या समाजांत तयार झाली, तेथे अतिसेवन हीच मुख्य चिंता आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २३.४ टक्के स्त्रिया स्थूल अथवा अधिक वजनाच्या आढळल्या, २०.८ टक्के कृश आढळल्या, आणि ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे येथे अतिरेक आणि उणीव एकाच गावात, किंबहुना कित्येकदा एकाच घरात नांदतात. लोहाचे प्रमाण मात्र वेष्टनावर देणे सर्वसाधारणपणे बंधनकारक नाही, आणि म्हणून ॲपच्या गुणांतही त्यास स्थान मिळत नाही. जिच्या रक्तात लोह कमी आहे तिला ‘साखर कमी’ एवढेच सांगणे खोटे नव्हे. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण प्रसारित केला. हे धान्य सुटे विकले गेले की साध्या ज्वारीत मिसळते, आणि त्याचा हा गुण ना डोळ्यास दिसतो, ना कॅमेऱ्यास.

५

या ठिकाणी समीक्षेचा मुख्य मुद्दा उपस्थित होतो. ॲपचा सल्ला असतो तो एका पुड्याऐवजी दुसरा पुडा घ्या, हा. फूडस्विच या नावातच ‘अदलाबदल’ आहे. ही अदलाबदल गृहीत धरते की ग्राहकापुढे एकाच प्रकारच्या मालाची लांबलचक फळी आहे. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील लहान गावाच्या किराणा दुकानात अशी फळी नसते. तेथे दारावर टांगलेल्या पाकिटांच्या माळा असतात, बरण्या असतात, आणि आतल्या बाजूस पोत्यांत धान्य, डाळ व गूळ असतो. शाळेतून येणारे मूल पाच रुपये पुढे करून माळेतील एक पाकीट तोडून घेते. त्या पाकिटास खरा पर्याय त्याच दुकानात, दोन हातांवर, असतो. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, गुळाचा खडा. परंतु हे पदार्थ सुटे असतात. त्यांस क्रमांक नाही, म्हणून संग्रहात नोंद नाही, म्हणून ॲपच्या दृष्टीने त्यांस अस्तित्वच नाही. ॲप एका पाकिटाकडून किंचित बऱ्या पाकिटाकडे नेईल. पाकिटाकडून फुटाण्याकडे ते कधीही नेणार नाही. आरोग्यासाठी म्हणून सुरू झालेली निवड अशा रीतीने वेष्टनाच्या वर्तुळातच फिरत राहते.

यावर असा आक्षेप येईल की, सुट्या अन्नाची पारख गृहिणीस येतेच. ॲपने केवळ वेष्टित मालापुरते बोलावे यात वावगे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु निर्णय देणाऱ्याचे मौनही अर्थपूर्ण असते. ज्यावर हिरवी खूण उमटते ते ‘तपासलेले’ आणि ज्यावर काहीच उमटत नाही ते ‘अडाणी’, अशी भावना नव्या पिढीत रुजू लागली, तर पारखीची परंपरा प्रथम लाजेल आणि मग विसरली जाईल.

वेष्टित मालापुरतेही हे मौन संपत नाही. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरहून अधिक नाही, त्यावर घटकांची यादी व पोषणमूल्ये छापण्यापासून नियमाने सूट आहे. ती माहिती ठोक वेष्टनावर दिली की पुरते. गोळ्या-चॉकलेटे, लोणच्याच्या व मसाल्याच्या इवल्या पुड्या यांत बसतात. ठोक खोका दुकानदाराकडे राहतो. पुडी मुलाच्या हातात जाते. म्हणजे ज्याच्या खिशात थोडे पैसे, त्याच्या वाट्यास माहितीही थोडी, असा हा क्रम आहे. त्यात उत्पादकाची लबाडी असतेच असे नाही. पण कोरा कागद कितीही कुशल वाचकास वाचता येत नाही, आणि ॲप त्यास अपवाद नाही.

६

जेथे लेबल बोलते तेथेही ते सर्व बोलते असे नाही, हे हळदीच्या उदाहरणावरून दिसून येईल. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ‘वसमत हळदी’स २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केल्यावर बाजारात येते, आणि तिचा भाव पुष्कळसा रंगावर ठरतो. रंगाच्या या मोहातून दक्षिण आशियात काही ठिकाणी हळदीस लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे रंगद्रव्य लावण्याचा अपप्रकार घडला. भारत, पाकिस्तान, श्रीलंका व नेपाळ येथील शहरांतून घेतलेल्या हळदीच्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १४ टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले, आणि पाटण्याच्या काही नमुन्यांत ते १००० मायक्रोग्रॅमच्याही वर होते. हा दोष हिंगोलीच्या हळदीवर लादण्याचे काहीच कारण नाही; उलट, प्रामाणिक हळद पिकविणाऱ्यांचेच त्यात सर्वाधिक नुकसान आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मुद्दा असा की, शिसे मिसळलेल्या हळदीच्या पुड्यावरही घटक म्हणून ‘हळद’ एवढेच छापलेले असणार. ॲप तो शब्द वाचील आणि त्यात साखर नाही, मीठ नाही, मिश्रक नाही, म्हणून हिरवी खूण देईल. भेसळ कधी आपले नाव छापीत नाही. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. सरकारी तपासणी, दंड व लोकजागृती यांच्या योगे २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. हे काम प्रयोगशाळेने आणि कायद्याने केले. ग्राहकाच्या हातातील फोनने नव्हे. निवडीचा भार सर्वस्वी ग्राहकावर टाकणारी विचारसरणी येथे अपुरी पडते.

७

अखेरीस भाषेचा प्रश्न. नियमानुसार वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे पुरेसे आहे. अन्य भाषा वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. उत्पादकास केवळ इंग्रजीत छापून नियम पाळता येतो. हिंदी छापली तरी लिपी ओळखीची आणि शब्द परका, असा प्रकार होतो. हिंदीत मेदास ‘वसा’ म्हणतात. मराठी गृहिणीच्या लेखी वसा म्हणजे श्रावणात घ्यावयाचे व्रत. ‘संतृप्त वसा’ वाचून तिला काय बोध व्हावा? ॲपने येथे रंगाची खूण देऊन भाषेचा अडसर ओलांडला, हे खरे. परंतु ते वापरावयास फोन हवा, जाळे हवे, आणि बहुधा पुन्हा इंग्रजीच हवी. याच्या उलट उदाहरण डोळ्यांपुढे आहे. शाकाहारी पदार्थावरील हिरवा ठिपका निरक्षर माणसासही कळतो, आणि त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. चिलीने २०१६ साली साखर, मीठ, मेद अथवा ऊर्जा अधिक असलेल्या पुड्यांच्या दर्शनी भागी काळे अष्टकोन छापणे सक्तीचे केले. भारतात २०२२ साली तारांकनाचा मसुदा निघाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलाच्या प्रश्नावर तज्ज्ञ समितीस मुदत घालून दिली. तारा असाव्यात की इशारे, हा वाद मूलगामी आहे. कारण तारा ही शिफारस असते, इशारा हा इशाराच असतो.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, बारकोड वाचणारे ॲप हा लेबलाचा चांगला वाचक आहे, अन्नाचा नव्हे. लेबल बोलते तेथे ते उपयुक्त आहे. लेबल गप्प असते तेथे तेही गप्प असते. लेबल खोटे बोलते तेथे तेही नकळत खोटे बोलते. त्याचे खरे महत्त्व त्याच्या निर्णयात नसून त्याने उघड केलेल्या उणिवेत आहे. जे नागरिकास वेष्टनाच्या दर्शनी भागीच, त्याच्या भाषेत, ढळढळीत दिसावयास हवे होते, ते शोधण्यासाठी त्यास फोन बाहेर काढावा लागतो.

विद्यापीठीय विभागांपुरते पाहता यातून दोन कामे निघतात. मुक्त संग्रहांत कोणासही नोंद करता येते; जिल्ह्यातील बचत गटांच्या वेष्टित हळद-मसाल्याच्या व पापडांच्या नोंदी अचूक माहितीसह तेथे जावयास हरकत नाही. त्याचप्रमाणे संपृक्त मेद, वरून घातलेली साखर, मिश्रक यांसारख्या शब्दांस वसमतच्या बाजारात उच्चारता येतील असे मराठी पर्याय घडविणे, हे भाषेच्या अभ्यासकांचेच कार्य होय. दाणा दाताखाली फोडून पाहणाऱ्या त्या गृहिणीस निर्णय कसा करावा हे शिकविण्याची गरज नाही. बंद पुड्यात काय आहे हे तिला तिच्या शब्दांत सांगितले गेले, म्हणजे पुढची पारख ती स्वतः करील.